वरातीमागून घोड्याचं कातडं

आमचे एक स्नेही गेली चार वर्षं दुसरं महायुद्ध लढत आहेत. लढाई मुख्यतः कोथरूडमध्ये चालते. एरवी हे गृहस्थ विमानात बसले आणि विमान ढगात जरा हललं, की डोळे मिटून रामरक्षा म्हणतात. पण घरच्या कपाटात, नॅप्थलीनच्या गोळ्यांच्या पहाऱ्यात, अमेरिकन वैमानिकाचं चामडी जॅकेट टांगलेलं आहे. ए-टू. हा शब्द ते अशा आवाजात उच्चारतात, की समोरच्याने निदान चहाचा कप तरी खाली ठेवावा.

हे ए-टू अमेरिकेच्या आर्मी एअर कोअरने 9 मे 1931 रोजी अधिकृत केलं. बहुतेक घोड्याचं कातडं, मनगटांना आणि कमरेला लोकरीची विणलेली पट्टी, टिचबटणांनी बसणारी कॉलर, पुढे चेन आणि दोन खिसे. खिशांत बाजूने हात घालायची सोय नाही. लष्करी अधिकाऱ्याने खिशात हात घालून उभं राहणं शोभत नाही म्हणून, असं स्नेही सांगतात. त्यांची स्वतःची उभी हयात बँकेच्या काउंटरमागे खिशात हात घालून गेली. त्यामुळे पहिले दोन महिने या हातांचं करायचं काय, हेच त्यांना कळेना. शेवटी त्यांनी हात कमरेवर ठेवायला सुरुवात केली. आता ते वैमानिक कमी आणि विठोबा जास्त दिसतात.

अशी जॅकेटं जमवणाऱ्यांच्या पंथात एक गोष्ट सहसा मोठ्याने बोलली जात नाही. 1943 मध्येच अमेरिकन हवाई दलाचे प्रमुख जनरल अर्नोल्ड यांनी या चामडी जॅकेटांच्या नव्या ऑर्डरी बंद केल्या आणि कापडी जॅकेटं आणली. पंचवीस हजार फुटांवर बी-17 विमानात उणे चाळीस अंशांची थंडी असायची. तिथे एकट्या ए-टूचा पाड लागत नसे. त्या पोरांना मेंढीच्या कातड्याचे जाडजूड कोट लागत, विजेच्या तारांनी तापणारे सूट लागत. ए-टूचा खरा रुबाब जमिनीवर, अधिकाऱ्यांच्या क्लबात. जनरल मॅकआर्थर वैमानिक नव्हते, तरी फोटोत तेही ए-टू घालून दिसतात. म्हणजे हौसेला पूर्वज मोठा आहे. ज्यांना हे जॅकेट सरकारातून मिळालं त्यांना ते पुरेसं उबदार नव्हतं, आणि ज्यांनी पदरचे लाखावर रुपये मोजले त्यांना ते पुण्यात सकाळी नऊनंतर सोसत नाही.

स्नेह्यांनी विलायतेतल्या एका कारखान्यातून ते मापावर शिवून घेतलं. वर कस्टमचा दणका. वहिनींनी एकच प्रश्न विचारला, "धारावीत किती पडलं असतं?" त्यावर घरात दोन दिवस युद्धबंदी होती. स्नेह्यांच्या आईंचा आक्षेप वेगळा. घोड्याचं कातडं देवघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात कसं चालेल? अखेर कपाट सरकलं. अर्नोल्डसाहेबांना जे कागदावर सही करून जमलं, ते घरात कुणालाच जमलं नाही.

पण खरी मौज शास्त्रार्थाची. ग्रहणाचे वेध कधी लागतात यावर आजोबांच्या पिढीने जेवढा घसा कोरडा केला नसेल, तेवढा हे संग्राहक कॉलरच्या टोकावर करतात. लेबलवरचा सरकारी ऑर्डरचा क्रमांक कोणता? पाठ अखंड एकाच तुकड्याची आहे ना? इंचाला टाके किती? चेन कोणत्या कंपनीची? आणि सर्वांत पवित्र शब्द म्हणजे पटिना. कातडं वापरून झिजलं, कोपर उजळले, काळ्या रंगाखालून तपकिरी रंग डोकावू लागला, की त्या अवस्थेला पटिना म्हणतात. आमच्या घरी त्याला कळकटपणा म्हणत आणि दिवाळीआधी तो बोहारणीला देत. इथे नवं कोरं जॅकेट आधीच घासून-चुरगळून जुनं केलेलं असेल, तर पैसे जास्त पडतात. ज्यांना तेवढे परवडत नाहीत, ते जॅकेट पाण्यात भिजवून अंगावरच वाळवतात. आमच्या स्नेह्यांनीही हा प्रयोग केला. जॅकेटला फरक पडला नाही, त्यांना मात्र आठ दिवस सर्दी झाली. तिला त्यांनी 'ब्रेक-इन' म्हटलं.

नकलेच्या बाबतीत जपान्यांचा हात कुणी धरत नाही. 1945 च्या बाँबहल्ल्यांत हिमेजी शहर जळालं, किल्ला तेवढा वाचला. त्याच हिमेजीत कमावलेलं घोड्याचं कातडं आज अमेरिकन वैमानिकांच्या जॅकेटांच्या नकलांसाठी जगभर नावाजलं जातं. 'बझ रिकसन्स' ही जपानी कंपनी तर 1962 च्या एका युद्धपटातल्या अमेरिकन वैमानिकाचं नाव लावते. स्टीव्ह मॅक्वीनने रंगवलेलं हे पात्र, म्हणजे वैमानिकही खोटाच. पुढे 2003 मध्ये विल्यम गिब्सन या कादंबरीकाराने आपल्या नायिकेला याच कंपनीचं काळं नायलॉनचं जॅकेट घातलं. तसं काळं जॅकेट कंपनी काढतच नव्हती. वाचकांनी मागणी केली आणि कंपनीने ते काढलं. कधीच नसलेल्या वस्तूची इतकी प्रामाणिक नक्कल आमच्या परीक्षांच्या केंद्रांवरही झाली नसेल.

खरे वैमानिक जॅकेटच्या पाठीवर चित्रं रंगवून घेत: विमानाचं नाव, एखादी सुंदरी आणि प्रत्येक मोहिमेमागे एक बाँब. इंग्लंडमधून उडणाऱ्या अमेरिकन बाँबफेक्यांना सुरुवातीला पंचवीस मोहिमा पुऱ्या केल्या, की घरी जायला मिळे. कित्येक जण त्याआधीच संपले. 1943 मध्ये एक अमेरिकन अधिकारी जर्मनांच्या हाती सापडला, तेव्हा त्याच्या पाठीवर 'मर्डर इन्क.' असं लिहिलेलं होतं. जर्मन प्रचारखात्याला घरबसल्या मजकूर मिळाला. त्यांनी त्याचे फोटो छापून आणले. पाठीवर काय लिहावं याचा विचार पुढून करावा लागतो, तो असा. आमच्या स्नेह्यांनीही पंचवीस बाँब रंगवून घेतले आहेत. बँकेतल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला एक. नोटाबंदीचं वर्ष त्यांनी लाल रंगात काढलंय, आणि ते मात्र मला मनापासून पटलं.

आतल्या बाजूला त्यांनी रेशमी 'ब्लड चिट' शिवली आहे. चीनमध्ये लढणारे अमेरिकन 'फ्लाइंग टायगर्स' ती बाळगत. वर चीनचा झेंडा, खाली चिनी अक्षरं: हा परदेशी माणूस आपल्या मदतीला आला आहे, त्याला वाचवा, सांभाळा. त्याआधी वायव्य सरहद्दीवर ब्रिटिश वैमानिकही अशीच चिठ्ठी खिशात ठेवून उडत. 'चिट' हा शब्दसुद्धा आपल्याकडच्याच चिठ्ठीवरून तिकडे गेलेला. महायुद्धात आसामातून हिमालय ओलांडून चीनला रसद नेणाऱ्या अमेरिकनांनी कलकत्त्यासारख्या शहरांतल्या कारागिरांकडून चामड्याचे बिल्ले हाताने करून घेतले. आज ते बिल्ले संग्राहक जपून ठेवतात आणि पायलटाचं नाव शोधून काढायला महिने घालवतात. बिल्ला शिवणाऱ्याचं नाव कुणी शोधत नाही, ते रीतीला धरूनच आहे.

गेल्या डिसेंबरात सकाळी सहाला बारा अंश तापमान होतं. स्नेही जॅकेट चढवून फिरायला निघाले, मला सोबत घेतलं, मिसळ झाली, आणि साडेदहाला लक्ष्मी रोडवर ऊन आलं. जॅकेट काढायला गेले तर चेन अडकलेली. खाली जाईना, वर येईना. चेहरा जॅकेटच्या अस्तरासारखा लालसर झाला. शेवटी फुटपाथवर बॅगांच्या चेनी दुरुस्त करणाऱ्या मामांसमोर मी त्यांना उभं केलं.

"जपून हं मामा," स्नेही कळवळून म्हणाले, "1942 च्या नमुन्याची चेन आहे."

"मग बदलायलाच झालीय की," म्हणत मामांनी पकडीने तिचा निकाल लावला. "नवी टाकतो. दीडशे. चारला या."

जॅकेट हातात घेऊन त्यांनी उलटं केलं. आतलं रेशीम दिसलं. "हे काय लिहिलंय?"

घाम पुसत स्नेह्यांनी सांगितलं, "हा माणूस परक्या मुलखातून आलाय, याला मदत करा."

मामांनी त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कोथरूडचे का?"