पी. पी. नंबर, मुक्काम चँडलर

सांगलीला आमच्या वाड्यात फोन एकच होता, समोरच्या काकूंकडे. बाकी बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर आणि नोकरीच्या अर्जांवर त्यांचाच नंबर असे आणि पुढे दोन अक्षरं : पी. पी. त्याचा अर्थ ‘पर्टिक्युलर पर्सन’ हे मला पुष्कळ पुढे कळलं. वडील मात्र ‘परोपकारी पीडा’ असा सांगत. कारण फोन आला की काकू खिडकीतून हाक मारत आणि आपण चप्पल शोधून पोचेपर्यंत पलीकडच्या माणसाकडून सगळी हकीकत काढून घेत. आपल्याला ‘हॅलो’ आणि ‘बरं, ठेवतो’ एवढंच बोलायला उरे.

या सगळ्यात काकूंचं काय होत असेल, याचा विचार वाड्यात कोणी केला नाही. मीही नाही. तो मी गेल्या जुलैत, ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये, बाथरूममध्ये बसून केला. बाहेरून आईची हाक आली होती :

“अरे, तू तरी बाहेर ये नाहीतर फोन तरी बाहेर ठेव. मावशी गोल गोल फिरतेय!”

झालं होतं असं, की आम्ही घर बदललं. जुन्या घरचं इंटरनेट त्याच दिवशी तुटलं आणि नव्या घरी जोडायला माणूस अकरा दिवसांनी येईल, असं फोनवरच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं. आता चँडलर म्हणजे काही आडगाव नाही. इंटेलने इथे १९८० पासून बस्तान मांडलंय. गावाच्या दक्षिणेला ओकोटिलोच्या कारखान्यात संगणकांचे मेंदू तयार होतात आणि आमच्या ओळखीतल्या निम्म्या मराठी घरांची पोळी या ना त्या चिपेवरच भाजली जाते. ड्रायव्हर नसलेली वेमोची टॅक्सी २०२० च्या ऑक्टोबरपासून या भागात कोणालाही घेऊन हिंडते. माणसाशिवाय गाडी दारात येते, पण भिंतीत एक वायर खोचायला माणूस यायचा तर अकरा दिवस.

“बाबा, तुझा हॉटस्पॉट ऑन कर ना,” चिरंजीव म्हणाले. मी केला आणि त्या क्षणी माझ्यातला माणूस संपून राउटर सुरू झाला.

पासवर्डवरून पहिली बैठक झाली. आईने ‘आमटी’ सुचवलं, पण आठ अक्षरांखाली फोन ऐकेना आणि इंग्रजीत आमटी पाचातच आटोपते. ‘वरणभात’ नऊ अक्षरी. एकमताने मंजूर. हॉटस्पॉट म्हणजे टॉवरवरून येणारं नेट फोनने आपण घ्यायचं आणि वायफाय करून घरात वाटायचं, पाटकरी कॅनॉलचं पाणी वाफ्यावाफ्याला सोडतो तसं. हे गावही पाटावरच वसलेलं. ज्यांचं नाव गावाला आहे ते चँडलर गुरांचे डॉक्टर. त्यांनी वाळवंटात कालवा फिरवला आणि १९१२ साली जमिनीचे तुकडे विकायला काढले. त्यांच्याकडेही शेतकरी असेच हाका मारत आले असतील, पण निदान बाथरूमच्या दारापर्यंत नाही.

पाटकऱ्याला गावात मान असतो. मला नव्हता. मी माडीवर गेलो की खाली बायकोची मीटिंग कापरी व्हायची. मी कचरा टाकायला गेलो की चिरंजीव गेममध्ये मरायचे आणि परत आल्यावर माझ्याकडे खुनी माणसाकडे बघावं तसं बघायचे. शेवटी घराच्या बरोबर मध्यावर, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, मला आसन देण्यात आलं. तिथून चौघांनाही रेंज पोचते, असं संशोधन बायकोने केलं होतं. जेवायचं ताट तिथेच यायचं. बारशापासून आजवर घरात मी इतका कोणाला हवाहवासा झालो नव्हतो.

आईचं वेळापत्रक पक्कं. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही, त्यामुळे सांगलीशी बारा महिने साडेबारा तासांचं अंतर. आईने पहिल्याच दिवशी हिशेब बसवला : घड्याळात अर्धा तास मिळवायचा आणि दिवसाची रात्र करायची. सकाळी आठला तिथली रात्रीची साडेआठ, म्हणजे मावशी जेवून मोकळी. शनिवारी नेमकं त्याच सुमाराला आम्ही देशी दुकानात गेलो. दुकानाचं फुकट वायफाय आहे म्हटलं, तर “परक्यांचं कशाला? घरचं आहे ना,” म्हणाली. मग मी पुढे ढकलगाडी घेऊन आणि आई बारा पावलं मागे मावशीला घेऊन, अशी वरात निघाली. मी डाळींकडून मसाल्यांकडे वळलो आणि मागून खणखणीत आवाज आला :

“अरे, हळू चाल! मावशी तुरीच्या डाळीत अडकली!”

दुकानातल्या तीन मराठी कुटुंबांनी मान वळवली. चौथं तेलुगू असावं, पण त्यांनीही वळवली. सांगलीच्या मंडईत मी तिचा पदर धरून चालायचो, त्याची सगळी वसुली तिने त्या सकाळी केली.

खरा घात मात्र उन्हाने केला. फोनबरोबर आलेल्या कागदात ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा, असं लिहिलेलं असतं. तो कागद लिहिणारा जुलैत इकडे फिरकलेला नसावा. २०२३ मध्ये शेजारच्या फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता आणि त्यातले ३० दिवस जुलैतले. हॉटस्पॉट चालू असला की फोन मुळातच तापतो, त्यात मी तो गाडीत विसरलो. परत येऊन पाहतो तर पडद्यावर तापमापकाचं चित्र आणि ‘थंड होऊ द्या’ अशी विनंती. चिरंजीव म्हणाले फ्रीझरमध्ये ठेवू. मी म्हटलं आत पाणी सुटेल. आमचा वाद चालू असताना आईने काहीच न विचारता रुमाल भिजवला, घट्ट पिळला, चौघडी केली आणि फोनच्या कपाळावर ठेवली. मिठाचं पाणी नव्हतं एवढाच फरक. वीस मिनिटांनी फोन शुद्धीवर आला. चिपांच्या धंद्यात माझी एकवीस वर्षं गेली आहेत, त्या अनुभवाचा त्या वीस मिनिटांत काडीचा उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी नेट मुंगीच्या पावलांनी चालू लागलं. माझ्या प्लॅनचं नाव ‘अनलिमिटेड’. पुण्यात अनलिमिटेड थाळीच्या पाटीखाली बारीक अक्षरांत ‘स्वीट एकदाच’ असतं, तशी यालाही खालची ओळ होती : फोनवर हवं तितकं, हॉटस्पॉटवर महिन्याला १५ जीबी. पंधरा जीबी तीन दिवसांत कोणी खाल्ले? डब्यातले लाडू संपल्यावर होते तशी चौकशी बसली. स्वच्छ चित्राचा व्हिडिओ तासाला तीन जीबीपर्यंत जातो, म्हणून संशय आधी आईच्या मालिकेवर गेला. ती म्हणाली, “मी तर डोळे मिटून ऐकत होते.” बायकोने मीटिंगमध्ये कॅमेरा बंद असल्याचे पुरावे दिले. चिरंजीवांनी वकिलाची भाषा सुरू केली. मग मी घरातली सगळी यंत्रं तपासली आणि चौकशी तडकाफडकी थांबवली. माझ्याच लॅपटॉपने रात्रभर बसून नऊ वर्षांचे फोटो कुठेतरी वर चढवले होते. त्या बिचाऱ्याला वायफाय दिसलं, त्याला काय ठाऊक ते विकतचं आहे.

“आमच्याकडे रोजचे दोन जीबी मिळतात आणि ते संपतसुद्धा नाहीत,” आई शांतपणे म्हणाली. “तू इतक्या लांब येऊन रेशनवर राहतोस होय रे?”

मी जास्तीचा डेटा विकत घेतला. अशा वेळी मी स्टीव्ह जॉब्सची आठवण काढतो. ७ जून २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ते आयफोन ४ दाखवायला उभे राहिले आणि साधं वेबपान उघडेना. कारण समोर बसलेल्यांनी आपापल्या वायफायच्या चुली मांडल्या होत्या, एकूण ५७०. शेवटी त्यांनी लोकांना लॅपटॉप बंद करून जमिनीवर ठेवायला सांगितलं. त्यांच्यापुढे पाच हजार माणसं होती, माझ्यापुढे तीन. पण त्या तिघांना ‘खाली ठेवा’ म्हणायची माझी टाप नव्हती.

दहाव्या दिवशी, जिन्यावरून सुटका म्हणून, आईला त्या बिनड्रायव्हरच्या टॅक्सीतून फिरवून आणलं. चाक आपोआप वळताना ती जराही दचकली नाही. रिकाम्या सीटकडे बराच वेळ बघून तिने एवढंच विचारलं, “आणि हिला हॉटस्पॉट कोण देतं?”

अकराव्या दिवशी माणूस आला. उंचापुरा, हसतमुख. भिंतीला भोक पाडलं, वायर खोचली, पेटी टांगली. आता हिरवा दिवा लागायचा म्हणून आम्ही चौघं ओळीने उभे. त्याने हातातला टॅबलेट वर धरला, खिडकीशी नेला, परत आणला आणि ओशाळून म्हणाला, की जोडणी चालू करायला त्याला आधी नेट लागतं आणि त्याच्या कंपनीची रेंज इथे येत नाहीये. तुमचा हॉटस्पॉट मिळेल का, दोन मिनिटं?

मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसलो आणि त्याला ‘वरणभात’ची नऊ अक्षरं एकेक करून सांगितली. पाचव्या अक्षराला आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “दे, पण व्हिडिओ बघू नकोस म्हणावं त्याला.”