आपट्यांपैकी कोणते?

माझे पूर्ण नाव मी येथे देत नाही; ते वाचकांना ठाऊक आहे, फक्त ते दुसऱ्याचे म्हणून ठाऊक आहे. आडनाव आपटे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. कारण त्यामागे मी कोणतीही आद्याक्षरे लावली तरी ऐकणाराच्या मुद्रेवर जी प्रसन्नता उमटते ती माझ्याप्रीत्यर्थ नसते, आणि 'ते मी नव्हे' हे शब्द माझ्या तोंडून निघताच ती ज्या तत्परतेने मावळते, ते पाहून एखाद्या विरक्त लेखकाने दौत-लेखणी गंगार्पण केली असती. मी ती केली नाही, याचे कारण माझी साहित्यनिष्ठा नसून माझा अहंकार होय. एखाद्या दिवशी कोणीतरी हरी नारायणांचे नाव काढावे आणि ऐकणाराने भुवया उंचावून 'कोण, ते जुने आपटे का?' असे विचारावे, ही माझी महत्त्वाकांक्षा आहे. हरिभाऊ १९१९ साली निवर्तले. त्यानंतर माझ्या मार्गात त्यांच्याकडून कोणताही नवा अडथळा आलेला नाही, तरीही महत्त्वाकांक्षा आहे तेथेच आहे.

समान नावाच्या दोन पुरुषांना इतिहासाने समान न्याय दिल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. एक 'पहिला' होतो, दुसरा 'दुसरा' होतो, आणि या क्रमवाचक विशेषणातच दुसऱ्याच्या गुणदोषांचा निवाडा होऊन जातो. बाजीरावांचेच पाहा. पहिल्यांचे नाव ऐकताच आपण सरसावून बसतो, दुसऱ्यांचे ऐकताच सुस्कारा टाकतो. दुसऱ्यांनी १८०२ च्या अखेरच्या दिवशी वसईस इंग्रजांशी तह करून राज्याच्या गळ्यात तैनाती फौज बांधून घेतली. आणि हीच वसई १७३९ साली पोर्तुगीजांपासून जिंकून घेतली होती पहिल्या बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांनी. यावर दैवाचा खट्याळपणा असा की, दुसऱ्या बाजीरावांनाही धाकटा भाऊ होता आणि त्याचेही नाव चिमाजी आप्पाच होते. म्हणजे नावांची तजवीज यथास्थित झाली होती. माणसांची तेवढी राहून गेली.

याचा दोष मात्र एकट्या व्यक्तींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आजोबांचे नाव नातवास द्यावे, परंतु आजोबा हयात असता देऊ नये, असा आमच्या घराण्यांतून पूर्वापार शिरस्ता. म्हणजे नाव ही माणसाची स्वकष्टार्जित मिळकत नसून घराण्याचे वतन आहे, आणि पहिला वतनदार मयत झाल्याखेरीज वारसाचे नाव दप्तरी दाखल होत नाही. पेशव्यांच्या घरी हा जाबता कसोशीने पाळलेला दिसतो. बाळाजी विश्वनाथ १७२० साली वारले आणि त्याच वर्षी जन्मास आलेला नातू बाळाजी झाला. त्यास आपण नानासाहेब म्हणतो, परंतु तेवढ्याने घोटाळा मिटत नाही. कारण सत्तावनच्या धामधुमीतले बिठूरचे धोंडोपंतही नानासाहेबच, आणि ज्यांच्या शहाणपणावर उत्तर पेशवाई तगली त्या फडणविसांचे पाळण्यातले नाव बाळाजी असून व्यवहारातले नाव नाना, म्हणजे त्यांनी तर संशयाच्या दोन्ही वाटा एकट्याने अडविलेल्या. दुसरे बाजीरावही पहिल्यांचे सख्खे नातू. वतन त्यांच्याकडे अगदी सनदशीर मार्गाने आले होते. या शिरस्त्याची एक अडचण मला अलीकडे जाणवू लागली आहे: नातवाच्या बारशाच्या वेळी आपलेच नाव कोणी सुचविले, तर ऐकणाऱ्या आजोबाने त्या सूचनेत आदर पाहावा की तगादा?

पंडितांनी या गोंधळात आपली भर घातली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या नावाने लिहिणाऱ्या शिवराम एकनाथ भारदे यांनी 'सुधारक' पत्रातून असा पक्ष मांडला की, ज्ञानेश्वरीकर्ते ज्ञानेश्वर निराळे आणि अभंगकर्ते ज्ञानेश्वर निराळे. आणि त्यावर महाराष्ट्रात जे वाग्युद्ध माजले त्याच्या धगीत दोघा ज्ञानेश्वरांनाही ऊब मिळाली असती. उलट, नामदेवांच्या गाथेत त्यांच्यानंतर दोनअडीचशे वर्षांनी झालेल्या विष्णुदास नाम्याची रचना बिनदिक्कत येऊन मिसळली आणि पुढे संशोधकांना ती चाळून वेगळी काढत बसावे लागले. एकाचे दोन आणि दोघांचा एक करण्याची ही विद्या पाहिली की मला आशा वाटू लागते. तीनशे वर्षांनी एखादा साक्षेपी संशोधक उभा राहील आणि 'उषःकाल' लिहिणारे आपटे व हा लेख लिहिणारे आपटे एकच होत, असे अंतर्गत पुराव्यांवरून सप्रमाण सिद्ध करील. त्याच्या विरोधात लिहिणारास मात्र माझा शाप आहे.

आता आपट्यांचा विषय निघालाच आहे, तर मला कोणी आवरू नये. या कुळाने महाराष्ट्रात जी बौद्धिक आघाडी उघडली तिच्यात मजसाठी मोकळी जागा शोधू जाता असे आढळते की, कोशाचे काम वामन शिवराम आपटे करून बसले आहेत, आणि तेही अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात, फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्यपद सांभाळून. माझे चौतिसावे वर्ष कशात गेले ते मी सांगू इच्छीत नाही. संस्कृत पोथ्यांचा सांभाळ करावा म्हटले, तर महादेव चिमणाजी आपट्यांनी १८८८ मध्ये पुण्यास आनंदाश्रम काढून तीही सोय लावली. मुलांसाठी मासिक काढावे, तर वासुदेव गोविंद आपट्यांचा 'आनंद' १९०६ पासून चालू; आणि एवढ्याने भागले नाही म्हणून 'मराठी शब्दरत्नाकर' हा कोशही त्यांचाच, जणू वामनरावांनी कोशाच्या प्रांतात जी फट ठेविली होती ती बुजविण्याची जबाबदारी कुळाने त्यांच्यावर सोपविली होती. शिवचरित्राची साधने जुळवावी, तर दत्तात्रेय विष्णू आपटे हजर. राहता राहिली कादंबरी. तेथे दरवाजाच्या एका बाजूस हरी नारायण उभे आणि दुसऱ्या बाजूस नारायण हरी.

हे नारायण हरी म्हणजे हरिभाऊंचे चिरंजीव, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत असलेली मी पाहिली आहे, आणि एका गृहस्थांनी तर ते हरिभाऊंचे तीर्थरूप असल्याचे मला छातीठोकपणे सांगितले. वंशावळीच्या न्यायाने दोन्ही पक्ष सारखेच सयुक्तिक आहेत; वस्तुस्थिती अशी की, या दोघांत कोणीच कोणाचा बाप नव्हे. हरिभाऊ जन्मले १८६४ साली खानदेशात पारोळ्यास. नारायणराव १८८९ चे, आणि त्यांचे वास्तव्य साताऱ्याकडे कोरेगावी. हरिभाऊंनी 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो' लिहून त्यातल्या यमूच्या दुःखाने घरोघरच्या माजघरांना रडविले. नारायणरावांनी पुढे 'न पटणारी गोष्ट' लिहिली, आणि तीवरून प्रभात कंपनीने १९३७ साली 'कुंकू' हा बोलपट काढला. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात फसवून बांधली गेलेली त्यातली नीरा रडत बसत नाही. ती त्यास नवरा मानण्याचेच नाकारते. शांतारामबापूंनी त्या चित्रात पार्श्वसंगीत असे ठेविलेच नाही. घड्याळाचे ठोके, भांड्यांचा आवाज, जे घरात वाजेल तेवढेच वाजते. आणि केशवराव दात्यांनी उभा केलेला तो म्हातारा आरशासमोर आपले वय लपवू लागला म्हणजे प्रथम हसू येते व मागाहून त्याचीच कीव येते. आणि ही नीरा साकार केली कोणी? शांता आपटे यांनी! म्हणजे लिहिणारे आपटे, रंगविणाऱ्या आपटे. आणि त्यांनी तरी केवळ पडद्यावरच नकार दिला म्हणावे, तर तसेही नाही. दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, कंपनीशी वाद झाला तेव्हा या बाई प्रभातच्याच फाटकाशी उपोषणास बसल्या. कुळाची सर्व तेजस्विता अशी वाटली जात असता मी कोठे होतो, हा प्रश्न मला कोणी विचारीत नाही, इतके माझे सुदैव.

मजकडे उरला तो विनोद. आणि तोही आपट्यांना अन्य कार्यबाहुल्यामुळे हाती घेता आला नाही म्हणून. या उरल्यासुरल्या ऐवजाच्या बळावर एका तालुक्याच्या गावी व्याख्यानास गेलो असता तेथील अध्यक्षांनी माझा परिचय करून देताना हरिभाऊंची समग्र ग्रंथसंपदा वाचून दाखविली, आणि कोणत्यातरी चरित्रकोशातून ती उतरून घेतल्यामुळे नावाआधीचा 'कै.' देखील भक्तिभावाने उच्चारला. सभेने क्षणभर माझ्याकडे साशंक दृष्टीने पाहिले. मी नमस्कार केला. हार आधीच गळ्यात पडला होता, आणि कैलासवासी माणसाने हारास हरकत घेणे प्रशस्त दिसले नसते.

येथवर मी जी गाऱ्हाणी गायिली ती एका गोष्टीची आठवण होताच मला लाजवितात. ही सारी पुरुषांची सुखदुःखे आहेत. ज्याचे नाव आजोबांपासून नातवापर्यंत चालत राहते, त्यालाच दुसरा कोणी समजले जाण्याचा ताप होऊ शकतो. यमूचे दुःख लिहिणाऱ्या हरिभाऊंच्या काळात, पुण्याकल्याणाकडे यमुना जोशी नावाची एक मुलगी होती आणि देवराष्ट्रे येथे यमुना कुर्लेकर नावाची दुसरी. दोघींतली पहिली १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाली, परंतु तोवर ती यमुना राहिली नव्हती, आनंदीबाई झाली होती. दुसरी न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात येताच रमाबाई झाली. नेवाळकरांच्या झाशीत जी लक्ष्मीबाई म्हणून आली ती तांब्यांची मनकर्णिका. आणि रेव्हरंड टिळकांच्या संसारात जी लक्ष्मीबाई म्हणून आली तीही गोखल्यांची मनकर्णिकाच. घरी दोघींना मनू म्हणत. एकीला इंग्रजांशी झुंजावे लागले व दुसरीला वरचेवर घरातून परागंदा होणाऱ्या कवीशी. यांत अधिक बिकट काम कोणाचे, याचा निर्णय 'स्मृतिचित्रे' वाचणाराने करावा. बाजीराव दोन झाले हे शाळकरी पोरास ठाऊक असते. दोन मनकर्णिकांच्या दोन लक्ष्मीबाई झाल्या, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही, कारण तांदुळात सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहिताना जुने कोणते होते याची टीप ठेवण्याचा शिरस्ता आमच्या दप्तरात कधी नव्हता. जमिनीचा तुकडा एका हातून दुसऱ्या हाती गेला तरी फेरफाराची नोंद होते.

माझ्या आईस सारे घर सरस्वतीबाई म्हणून ओळखी. वर्षातून क्वचित तिचे भाऊ येत, आणि ओसरीवर जोडे काढता काढता 'गोदे!' अशी हाक मारीत. ही गोदी कोण, ते मला लहानपणी कळत नसे. कळत असे ते एवढेच की ती हाक ऐकून स्वयंपाकघरातून जी बाहेर येई ती आमच्या नेहमीच्या आईपेक्षा पुष्कळ लहान असे, आणि मामा परत जाईपर्यंत ती मोठ्याने हसत असे. मामा गेले आणि ते नाव उच्चारणारे या पृथ्वीतलावर कोणी उरले नाही. मला कोणी दुसरा आपटे समजले की मी आठ दिवस धुमसतो. तिला सारे आयुष्य दुसरी कोणी म्हणून राहावे लागले, आणि त्याबद्दल तिने काढलेला एक शब्दही मला आठवत नाही. मी विचारलेलाही आठवत नाही.

म्हणून मी असा संकल्प सोडला की, माझ्या आगामी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'आपटे' हे नाव न घालता आईचे माहेरचे नाव धारण करावे आणि मातृऋणातून अंशतः मोकळे व्हावे. संकल्प थोर होता, आणि त्याच्या थोरपणाने मी स्वतःच इतका गहिवरलो की, त्यामागील दुसरा हेतू माझ्या लक्षात यावयास जरा वेळ लागला: या युक्तीने मी आपट्यांच्या गर्दीतून कायमचा सुटणार होतो. प्रकाशकांस मी हा मनसुबा कळविला. त्यांनी उलटटपाली पृच्छा केली की, मातोश्रींचे माहेरचे आडनाव कोणते.

आडनाव जोशी. या प्रांतात वामन मल्हार कादंबऱ्या लिहून गेलेले, लक्ष्मणशास्त्री धर्मकोश घेऊन बसलेले, महादेवशास्त्री संस्कृतिकोश घेऊन; आणि विनोद, जो आपट्यांनी निदान मजसाठी शिल्लक ठेविला होता, तो चिंतामण विनायकांनी चिमणरावाच्या हवाली करून टाकलेला. तरीही आईचे पूर्ण नाव घातले तर निभावेल, असे मी प्रकाशकांस लिहिले. त्यांनी कळविले की, देवरुखच्या गोदूबाई जोशी १८९३ साली अण्णा कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या असून त्यांचे आत्मचरित्र बाजारात उपलब्ध आहे. सबब आपण आपटेच राहावे, आणि कोणते ते वाचकांवर सोपवावे.