पौर्णिमेचा अर्धा क्लच

नृसिंहवाडीत पौर्णिमेला लागणाऱ्या वाहनांच्या रांगेत सर्वांत खडतर तपश्चर्या कोण करत असेल, तर ती क्लचप्लेट होय. कारण दत्तदर्शनाच्या ओढीने निघालेला चालक क्लचचे पेडल धड दाबतही नाही आणि धड सोडतही नाही, आणि इंजिनाच्या फ्लायव्हीलवर घासत राहिलेली ती चकती तापून असा दर्प सोडते की, मागच्या आसनावरील वडीलधाऱ्यांनी त्याला धूप समजून हात जोडावेत.

वास्तविक फिरते इंजिन आणि गिअरपेटी यांचा संबंध घटकाभर तोडणे व मग बेताबेताने जोडणे, एवढेच क्लचचे कर्तव्य. तरीही गिअर मुकाट्याने पडला तर त्याचे श्रेय लोक क्लचलाच देतात, हा अन्याय होय. आजच्या गिअरपेटीतील पुढच्या गतींची दातेरी चाके सदैव एकमेकांत गुंतलेली असतात, मात्र प्रत्येक जोडीतील एक चाक आपल्या शाफ्टवर मोकळे फिरत असते आणि गिअरची दांडी हलवली की, स्लीव्ह नावाची सरकती कडी त्याला शाफ्टशी जखडते. समजा, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत आहे आणि त्याच वेगाला दुसऱ्यात ३००० लागतात. हा फरक न मिटवता कडी पुढे रेटली, तर दातांवर दात आपटतात. येथे नृसिंहवाडीच्याच संगमाची उपमा देण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा, कारण कृष्णा-पंचगंगेला दात नाहीत.

हा फरक मिटवतो तो सिंक्रोनायझर. त्याची बहुधा पितळी असलेली रिंग चाकाच्या शंकूवर घासून दोघांचा वेग जुळवते, आणि तो जुळेपर्यंत स्वतःचे दात आडवे घालून कडीची वाट अडवते. १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत ही सोय आली. त्यापूर्वीच्या, आणि नंतरच्याही कित्येक मालमोटारींच्या, चालकांना ‘डबल क्लच’ मारावा लागे, म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा झटका, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर, तोही इंजिनाचा सूर कानाने ओळखून.

सिंक्रोनायझरची ताकद मात्र बेताची असते. क्लच पुरता दाबलेला असेल, तर त्याला क्लचप्लेट, शाफ्ट आणि चाके एवढ्यांचाच वेग बदलावा लागतो. अर्धाच दाबला, तर त्या पितळी रिंगेने अख्खे इंजिन ओढावे अशी अपेक्षा होते, आणि मग जो ‘खर्रर्र’ आवाज निघतो तो ऐकून चालक गिअरच्या दांडीकडे रागाने पाहतो व कुटुंबीय चालकाकडे. रिव्हर्सला तर पुष्कळ गाड्यांत ही रिंग नसतेच, त्यामुळे पुढे सरकणारी गाडी पुरती थांबण्याआधी रिव्हर्स टाकणाऱ्याकडे बासुंदीच्या दुकानासमोरील सगळी गर्दी वळून पाहते.

या प्रकरणी सर्वांत निर्धास्त असतो तो उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा जुना ट्रॅक्टर. सिंक्रोनायझर नाही, आणि एवढ्या ओझ्याखाली क्लच दाबताच वेग ढासळतो, म्हणून त्याचा चालक निघतानाच एक गिअर निवडतो आणि कारखाना येईपर्यंत तो बदलत नाही. शिरोळ रस्त्यावरील मागची सारी वाहतूक, कोणत्याही पितळी रिंगेवाचून, आपला वेग त्याच्याशी जुळवून घेते.