किमान तापमान, कमाल उत्साह

डिसेंबर लागला की मराठी वर्तमानपत्रांत दोन छायाचित्रं ठरलेली असतात. एकात चार-पाच माणसं शेकोटीभोवती उकिडवी बसलेली असतात आणि खाली ‘गुलाबी थंडी’ असं छापलेलं असतं. दुसरं महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठचं. गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, एखाद्या जीपच्या टपावर हिमकणांचा पांढरा थर. पहिलं छायाचित्र पाहून माझी आई मफलर शोधते. दुसरं पाहून माझा भाचा बॅग भरतो.

भाचा सोमवारपासून हिंजवडीत असतो आणि शुक्रवारी रात्री लीडर होतो. लीडर म्हणजे शिवाजीनगरहून निघणाऱ्या मिनीबसमध्ये हजेरी घेणारा आणि ‘पाण्याच्या दोन बाटल्या कंपल्सरी’ असं तिसऱ्यांदा बजावणारा माणूस. अधूनमधून तो मलाही नेतो. “मावशी, चल, तुला झेपतं,” असं सगळ्यांसमोर म्हणतो. म्हणजे पंचविशीतल्या मंडळींना न सांगता कळतं की आता आपल्यालाही झेपलंच पाहिजे. माझा उपयोग एवढाच. आणि चिवड्याचा डबा.

त्याच्या मोबाइलवर हवामानाची तीन अ‍ॅप्स आहेत आणि तिघांचं कधी एकमत होत नाही. त्यातला सगळ्यात कमी आकडा तो खरा मानतो, कारण ग्रुपवर तोच टाकायचा असतो. सात अंश म्हटलं की बस भरते. चौदा म्हटलं की लोकांना चुलतभावाचा साखरपुडा आठवतो.

डोंगरावर थंडी जास्त, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. हजार मीटर वर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. या हिशेबाने पुण्याहून आठशे मीटर उंच असलेलं महाबळेश्वर पाचेक अंशांनी गार हवं. दुपारी ते असतंही. पण डिसेंबर-जानेवारीतल्या निरभ्र पहाटे कितीतरी वेळा पुण्याचा पारा महाबळेश्वरच्या खाली गेलेला असतो. म्हणजे पुणेकर घरची फुकटची थंडी सोडून, पसरणीच्या घाटात पोट सांभाळत, सव्वाशे किलोमीटरवरची महागडी ऊब विकत घ्यायला जातो. हे त्याला सांगून पाहा. तो म्हणेल, “तिथल्या थंडीचा दर्जा वेगळा.”

यामागचं शास्त्र गुंतागुंतीचं नाही. वारा पडलेला असला आणि आभाळ मोकळं असलं, की जमीन दिवसभराची उष्णता रात्री आकाशाला देऊन टाकते. तिला बिलगलेली हवा गार होते, गार झाली की जड होते, आणि मग पाण्यासारखी उताराने खाली येऊन खोलगट जागी साचते. डोंगरमाथा त्या मानाने सुटतो. निफाडचे द्राक्ष बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ते काही उंच शिखरावर राहत नाहीत. पुण्याचा नीचांक १.७ अंशांचा आहे, तारीख १७ जानेवारी १९३५. त्याच्या सातच वर्षं आधी, १९२८ साली, हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. हिमालयातून सुटलो म्हणून हुश्श करणाऱ्या कुणा साहेबाने ती सकाळ कशी काढली असेल, या विचाराने मला दर जानेवारीत उगाच बरं वाटतं.

दुसरी गोष्ट अ‍ॅप सांगत नाही आणि लीडर ऐकत नाही. वेधशाळेचा तापमापक झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीत, साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवलेला असतो. जमिनीलगत गवताच्या पातीवर त्याहून बरीच जास्त थंडी असते. म्हणूनच पारा चार-पाच अंशांवर असतानाही वेण्णाकाठी हिमकण दिसतात आणि ‘चार अंशांना बर्फ कसा?’ म्हणून लोक पेपरवाल्यांना खोटं ठरवतात. तात्पर्य, बातमीतलं तापमान छातीच्या उंचीवरचं. तंबूत झोपलेला माणूस त्या उंचीवर नसतो.

हरिश्चंद्रगडावर हे सगळं एका रात्रीत पाहायला मिळालं. पाचनईच्या वाटेने वर आलो, कोकणकड्यावर सूर्यास्ताला रीतसर टाळ्या झाल्या, आणि लीडरने मुक्कामाची जागा निवडली. ओढ्याच्या काठची, सपाट, मऊ गवताची. फोटोत फारच देखणी. पिठलं-भाकरीवाले दादा चुलीशी बसून हे बघत होते.

“भाऊ, तिथं नका लावू तंबू. वर टेपाडावर लावा.”

“वर वारं लागेल ना दादा.”

“वारं लागंल. पण खाली थंडी उतरते.”

‘थंडी उतरते’ या दोन शब्दांत आधीचे दोन परिच्छेद बसतात. पण दादांकडे अ‍ॅप नव्हतं. तंबू ओढ्याकाठीच लागले. मी माझी पथारी दादांच्या छपराखाली, चुलीच्या अंगाला टाकली. वयाचे काही फायदे असतात, ते घ्यावेत.

मंडळींत एक ‘चादर’ करून आलेला मुलगा होता. लडाखमधल्या गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालत जायचा तो ट्रेक. तो करून आलेला माणूस पुढची तीन वर्षं प्रत्येक थंडीला ‘ही काय थंडी?’ असं म्हणतो, हा नियम आहे. त्याच्याकडे उणे वीस अंशांत चालणारं जॅकेट होतं आणि ते त्याने पायथ्यापासून माथ्यापर्यंत अंगातून काढलं नाही. आतून घामाने पार भिजला. रात्री तो घाम गार झाला. पहाटे तीन वाजता झंस्कारचा हा वीर दादांच्या चुलीजवळ येऊन मुकाट्याने काटक्या सारू लागला. पाठोपाठ ओढ्याकाठचे बाकीचेही आले. तंबू आतून ओले झाले होते, कारण रात्रभर सोडलेला श्वास कापडावर जमून परत अंगावर ठिबकत होता. सगळ्यात शेवटी लीडर आला. त्याने मोबाइल काढून पाहिला आणि म्हणाला, “अकरा अंश दाखवतंय.” त्याच्या पावसाळी चपलेवर दव गोठलेलं होतं.

कळसूबाईचं तंत्र उलटं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि शनिवारी रात्री बारीहून निघून सूर्योदयाला माथ्यावर पोहोचायचा हट्ट. लोखंडी शिड्यांवर रांग लागते. चढताना सगळे घामेजलेले, म्हणून स्वेटर बॅगेत. वर पोहोचतात तासभर आधी. माथ्यावर हवा साचत नाही हे खरं, पण वाहते, आणि ओल्या टी-शर्टमधून वाहते. मग सगळे एकमेकांना धीर देतात की सूर्य उगवला की उबदार होईल. दिवसाचं किमान तापमान साधारण सूर्योदयाच्या सुमारासच, कधी तर सूर्य वर आल्यावरही थोडा वेळ असतं. कोवळ्या उन्हाने मिळते त्याहून जास्त उष्णता जमीन तोवर देतच असते. सूर्यनारायण येतात ते फोटोपुरते. ऊब मागाहून येते.

डोंगराचं निदान आकाशाशी तरी नातं आहे. नदीचं मात्र निराळंच प्रकरण.

सह्याद्रीतल्या बहुतेक नद्यांचे जानेवारीत दगड दिसू लागतात. कोलाडची कुंडलिका त्याच वेळी सकाळी फेसाळत असते आणि मुंबई-पुण्याची जनता लाइफजॅकेट घालून तिच्यात उड्या मारत असते. हे पाणी पावसाचं खरं, पण आलंय भलत्याच वाटेने. मुळशीचं धरण मुळा नदीवर. मुळेचं पाणी मुठेला भेटून भीमेत जायचं, पंढरपूर करून कृष्णेला मिळायचं आणि बंगालच्या उपसागरात विसावायचं. ते अडवून टाटांनी पश्चिमेला वळवलं. घाटाच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली नळांतून सोडलं आणि भिऱ्याच्या वीजघरात १९२७ पासून कामाला लावलं. म्हणजे पंढरीला निघालेलं पाणी वाटेत मुंबईच्या नोकरीला लागलं आणि ड्यूटी संपवून रेवदंड्याला समुद्रात जातं. जाता जाता आपल्याला पाठीवर घेतं. या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते तिथेच. राफ्टमध्ये हे कुणी सांगत नाही. राफ्टमध्ये ‘फॉरवर्ड! फॉरवर्ड!’ एवढंच सांगतात.

त्यामुळे कोलाडच्या नदीचं हवामान ढगांवर ठरत नाही, पाणी सुटण्यावर ठरतं. सकाळी पाणी सोडलं की काही तास नदी भरते, मग ओसरते. भाच्याने इथेही रात्री तिन्ही अ‍ॅप्स पाहिली, पावसाची शक्यता शून्य टक्के आहे असं जाहीर केलं आणि बस आरामात उशिरा काढली. आम्ही काठावर पोहोचलो तेव्हा नदी उतरत होती आणि राफ्टवाला पोरगा हवा भरायचा पंप गुंडाळत होता. “मावशी, पाणी काय तुमच्यासाठी थांबतं होय?” तो मला म्हणाला. लीडरला म्हणायला हवं होतं, पण वडीलधाऱ्यांना ऐकवणं सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी वेळेवर गेलो. नदीवर पांढरी वाफ तरंगत होती आणि ती पाहून सगळ्यांचा धीर सुटला. खरं तर पाणी हवेपेक्षा उबदार असतं म्हणूनच ती वाफ निघते. पाण्यात पडलेले खूश होते. हाल झाले ते बाहेर आल्यावर, कारण वारा सुटला होता आणि निम्म्या जणांनी जीन्स घातली होती. भिजलेली जीन्स वाळत नाही, सैल होत नाही आणि थरथरणाऱ्या बोटांनी काढता येत नाही. चादरवाला वीर त्यातच होता.

तर मंडळी, थंडीत डोंगरावर जरूर जा, नदीतही जरूर उतरा. ऑक्टोबरचा घाम पुसून जेमतेम उसंत मिळते, तोवर मार्च येतो. फक्त गडावर तंबू कुठे ठोकायचा ते पिठलं-भाकरीवाल्यांना विचारा, कोलाडला जायच्या आदल्या दिवशी पाणी कधी सुटणार ते राफ्टवाल्याला विचारा, चढताना स्वेटर काढा आणि थांबल्यावर लगेच घाला. आणि कृपा करून जीन्स घरी ठेवा.