तंबोरा विकणे आहे

आमच्या घरात तंबोरा आहे याची दखल गेली बावीस वर्षं फक्त छत्रीने घेतली होती. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गवसणी घालून तो उभा, आणि गवसणीतून वर डोकावणाऱ्या खुंटीला छत्री लटकलेली. पावसाळ्यात ओली, एरवी कोरडी. यंदा रंगवाले घरात शिरले आणि सौ.ने फर्मान काढलं, "एक तर वाजवा, नाहीतर विका." पहिला पर्याय शेजाऱ्यांनी एकमताने फेटाळला.

गावात गिऱ्हाईक मिळेना. एकाने "चालू कंडिशनमध्ये आहे का?" असं विचारलं. दुसऱ्याचं लोणावळ्याजवळ रिसॉर्ट होतं, त्याला भोपळ्यात बल्ब बसवायचा होता. तिसरा स्वतःला सैन्यातला मेजर म्हणवत होता. त्याने क्यूआर कोड पाठवला आणि पैसे 'घेण्यासाठी' पिन टाकायला सांगितला. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे आता आमच्या वॉचमनलाही पाठ आहे, त्यामुळे मेजरसाहेब सीमेवर परत गेले. मग भाचा म्हणाला, "मामा, बाहेर टाका. तिकडे कदर आहे."

कदर अकरा मिनिटांत आली. गृहस्थ भर समुद्रात तेलविहिरीवर इंजिनिअर होते, त्यामुळे फोनवर बोलू शकत नव्हते. बायकोच्या वाढदिवसाला त्यांना ही 'वस्तू' हवी होती. किंमत मान्य. वर त्रास दिल्याबद्दल शंभर डॉलर जास्त. सामान न्यायला त्यांचा माणूस येणार, फक्त त्या माणसाचं भाडं मी आधी द्यायचं. तेही त्यांनी किमतीत घालूनच पाठवलेलं. दोन तासांत पेपालच्या नावाने पत्र आलं : रक्कम जमा, भाडं भरल्याची पावती पाठवलीत की मोकळी होईल. पत्र इतकं सुबक होतं की मी हरखून गेलो. भाच्याने पत्रातल्या लिंकला हात न लावता स्वतः खातं उघडलं. खात्यात शून्य होतं. त्याच्या शेजारी आणखी दोन शून्यं होती, पण ती दशांश चिन्हाच्या उजवीकडे.

खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. एवढ्या पत्रव्यवहारात या माणसाने तंबोऱ्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. भोपळा केवढा, तबलीला चीर आहे का, घोडी कसली, काही नाही. घासाघीस नाही, शंका नाही, शब्दाशब्दाला 'सर'. हल्ली माझ्याशी इतक्या आदराने वागणारा माणूस एकतर विमा विकतो किंवा मला विकतो.

दुसरा निघाला आपलाच. न्यू जर्सीचा, मूळचा डोंबिवलीचा. "काका, तुमच्याशी काय व्यवहार करायचा!" असं म्हणून त्याने लगेच व्यवहार सांगितला. ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलची जकातमाफी बंद केली आहे. शंभर डॉलरपर्यंतची भेटवस्तू तेवढी सुटते. तेव्हा मी कागदावर 'भेट, किंमत ९५ डॉलर' असं लिहायचं. पैसे डोंबिवलीची मावशी रोख देणार. "आणि वाटेत भोपळा फुटला तर?" मी विचारलं. "विमा आहे की!" विमा कागदावरच्या किमतीचा, म्हणजे फुटलेल्या भोपळ्याचे ९५ डॉलर. शिवाय परदेशात विकलेल्या मालाचे पैसे मावशीने डोंबिवलीत मोजायचे या प्रकाराला बँकेच्या भाषेत जे नाव आहे ते मावशीला आवडलं नसतं. मी नकार दिला. "मराठी माणूसच मराठी माणसाला..." असं त्याचं वाक्य सुरू झालं तेव्हा माझा फोन आपोआप कट झाला.

तिसरं पत्र रॉटरडॅमहून आलं. तिथल्या कोडार्ट्स या कलाविद्यापीठात हिंदुस्थानी संगीत शिकवतात; ही बाई तिथे शिकलेली. पहिल्याच पत्रात सत्तावीस प्रश्न. तंबोरा मिरजेचा की कलकत्त्याचा? भोपळ्याचा घेर किती सेंटिमीटर? जवारी शेवटची कधी काढली? आत टॉर्च मारून फोटो पाठवता का? आणि किंमत तीस टक्के कमी करता का? मी सौ.ला म्हटलं, "ही खरी आहे."

तिच्या अठराव्या प्रश्नाने मात्र घरात भूकंप झाला. "तबलीभोवतीची पांढरी नक्षी कशाची आहे?"

आता, हा तंबोरा आमच्या सासऱ्यांचा. आणि या नक्षीबद्दल सासऱ्यांनी हयातभर एकच वाक्य ऐकवलं : "अस्सल हस्तिदंत, सव्वाशे वर्षांचा तंबोरा आहे." लग्नात हुंडा घेतला नाही हे मी सांगायला लागलो की ते या नक्षीवरून बोट फिरवत. पण १९७२ साली आपल्या संसदेने दोन कायदे केले. वन्यजीव कायद्याने पुढे हस्तिदंताच्या व्यापारालाच बंदी आली. सांबरशिंगाची घोडीही त्यातच अडकते. आणि पुरावस्तू कायद्याने, शंभर वर्षांची कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे सासऱ्यांच्या एका वाक्यात दोन गुन्हे होते. नव्व्याण्णवाव्या वर्षापर्यंत अडगळ, शंभर भरली की राष्ट्राचा ठेवा. हा नियम माणसांना लावला तर आमच्या सोसायटीतले काही सभासद फार खूश होतील.

मिरजेला गेलो. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण सतारमेकर गल्लीतली माणसं त्याआधीही अशीच बसत होती : पुढ्यात पंढरपूरकडून आलेले भोपळे, हातात कानस आणि बोलणं कमी. एका बुजुर्गांनी गवसणी उतरवली, नक्षी नखाने टोकरली, नाकाशी धरली आणि हसले. "सेल्युलॉइड. आणि घोडी उंटाच्या हाडाची." सौ.ने तिथल्या तिथे हात जोडले. वडिलांची साठ वर्षांची फुशारकी खोटी निघावी म्हणून तिने येताना दत्ताला नारळ बोलला होता. भोपळ्याच्या आत टॉर्च मारली तर कारागिराची चिठ्ठी चिकटवलेली, साल १९६१. सव्वाशेतली साठेक वर्षं एका झटक्यात गळाली. बुजुर्गांनी हे सगळं आपल्या बिलावर लिहून, शिक्का मारून दिलं. परतीच्या एसटीत सौ. खिडकीबाहेर बघत होती. सांगली गेल्यावर म्हणाली, "दादांना हे माहीत असणार." मग कराडपर्यंत गप्प.

पाठवणी हा वेगळा अध्याय. गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून लेकीच्या घरून सुखरूप परत आली, कारण तिच्या काळी कुरिअर नव्हतं. आमच्या सुताराने देवदारची पेटी करायला घेतली तेव्हा भाच्याने थांबवलं : कच्च्या लाकडाची पेटी परदेशी जायची तर त्या लाकडाला गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग अर्धा तास तापवावं लागतं आणि तसा शिक्का लागतो. सुतार म्हणाला, "एवढा ताप मला आला तर मीही जाईन परदेशी." शेवटी प्लायवूड वापरलं, त्याला ही अट नाही. तारा उतरवल्या, घोडीखाली कापड, मानेला दोन्हीकडून आधार. भाच्याने आधी प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढला आणि खिळा ठोकेपर्यंत सलग व्हिडिओ. मुलीच्या पाठवणीचाही आम्ही इतका व्हिडिओ काढला नव्हता.

कुरिअरवाल्याने टेप काढली. १५० गुणिले ५० गुणिले ५०, भागिले ५०००. "पंचाहत्तर किलो." मी म्हटलं, तंबोरा जेमतेम पाच किलो, पेटी धरून वीस. तो म्हणाला, "काका, वजन जागेचं असतं." तंबोऱ्याच्या भोपळ्यात हवा असते म्हणून तो वाजतो, त्या हवेचं भाडं रॉटरडॅमपर्यंत मीच भरणार होतो, कारण घासाघिशीत 'पोच सहित' हे शब्द मी मान्य करून बसलो होतो. बँकेत तर साहेबांनी विचारलं, "हे युरो कशाचे?" "तंबोऱ्याचे." त्यांनी पडद्यावरची परदेशी पैशाच्या कारणांची यादी दोनदा खालीवर केली आणि माझ्याकडे मीच चोर असल्यासारखं पाहिलं. तेलविहिरीवरच्या इंजिनिअरला एकाही कागदाची गरज पडली नव्हती. बिल, शिक्का, चिठ्ठीचा फोटो, आधार, पॅन हे सगळं मलाच लागलं.

तंबोरा पोचला, शाबूत. बाईंनी तारा चढवून पंचम-षड्ज लावले आणि ध्वनिमुद्रण पाठवलं. सौ.ने ते स्वयंपाकघरात तीनदा लावलं, कुकरची शिटी होऊ न देता. मी निर्धास्त झालो. वास्तविक पेपालवर खरेदीदाराला तक्रारीसाठी १८० दिवस असतात. म्हणजे सहा महिने माल विकलेला नसतो, जावई म्हणून नांदत असतो.

नवव्या दिवशी पत्र आलं. अत्यंत सौजन्याने लिहिलेलं. सर्व उत्तम आहे, जवारी सुरेख बोलते, फक्त फोटो क्रमांक १ मध्ये खुंटीला एक काळी वस्तू दिसते, ती खोक्यात मिळाली नाही. तो तंबोऱ्याचा पारंपरिक भाग असल्यास वेगळी पाठवावी, अन्यथा 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही' अशी नोंद तिला नाइलाजाने करावी लागेल.

मी कळवलं की ती छत्री आहे. तिने विचारलं की तंबोऱ्याला छत्री कोणत्या घराण्यात लावतात.

काल छत्री घेऊन त्याच कुरिअरवाल्याकडे गेलो. त्याने टेप लावली, गुणाकार केला. मग दांड्यावरून अंगठा फिरवला, उजेडात धरून बघितलं आणि म्हणाला, "काका, ही मूठ शिंगाची तर नाही ना?"