मॅकेरीकरांची वाडी

सकाळचे सव्वासहा. अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, खांद्यावर पंचा, हातात पेस्ट लावलेला ब्रश आणि पुढे चार माणसं. मागून पाचवा आला, मान हलवून उभा राहिला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, पण प्रत्येकाचा डोळा कडीवर होता. आतून नुसताच खाकरण्याचा आवाज आला, तेव्हा माझ्या पुढच्या उंच गोऱ्या गृहस्थाने एक सुस्कारा टाकला. तो सुस्कारा मी लगेच ओळखला. बावीस वर्षं मी तो रोज ऐकलेला आहे. गिरगावात, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला.

ही रांग मात्र कॅलिफोर्नियातली होती. फोर्ट ब्रॅग गावाच्या थोडं उत्तरेला, पॅसिफिकच्या अगदी काठावर राज्य सरकारचं एक उद्यान आहे, मॅकेरिकर स्टेट पार्क. लेकीने नाव सांगितलं तेव्हा हिने पहिला प्रश्न विचारला, "मॅकेरीकर म्हणजे मूळचे कुठले? मॅकेरीचे?" जावयाने फोनवर शोधून सांगितलं, की डंकन मॅकेरिकर नावाचा माणूस कॅनडातून येऊन इथे स्थायिक झाला, गाईगुरं ठेवली, लोणी आणि बटाटे विकले, पुढे १९४९ साली राज्याने त्याच्या वारसांकडून ही जमीन घेतली. "म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर," ही समाधानाने म्हणाली. तेव्हापासून आमच्यात त्या जागेला मॅकेरीकरांची वाडी असंच म्हणतात.

आम्ही लेकीकडे सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलो मार्चमध्ये. वाडीतली जागा त्याआधीच, नोव्हेंबरात, धरून झाली होती. इथे किनाऱ्यावर तंबू ठोकायचा तर जागा सहा महिने आधी खुल्या होतात, सकाळी आठच्या ठोक्याला. त्या दिवशी लेक आणि जावई दोन लॅपटॉप आणि एक फोन घेऊन पावणेआठपासून बसले होते म्हणे. गणपतीत कोकणची गाडी ज्यांनी कधी धरली आहे, त्यांना पुढचं वर्णन करून सांगायची गरज नाही. मे महिन्यातल्या दोन रात्री मिळाल्या. एका रात्रीचं भाडं चाळीस डॉलरच्या आसपास. त्यात छप्पर नाही, भिंत नाही, नुसती जमीन. आमच्या खोलीला महिन्याला अकरा रुपये पडायचे आणि तरी वडील मालकाच्या नावाने बोटं मोडायचे.

सनीव्हेलहून निघालं की पाच तास सहज लागतात. क्लोव्हरडेलला मोठा रस्ता सोडला आणि १२८ नंबरचा रस्ता धरला, की घाट सुरू. हिने पर्समधून आवळासुपारी काढली. वाटेत बूनव्हिल नावाचं एवढंसं गाव लागतं. तिथल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात आपसात बोलायला स्वतःची एक सांकेतिक बोली बनवली होती, तिला बूंटलिंग म्हणतात. कॉफीला तिथे 'झीस' म्हणत. बाहेरच्यांना कळू नये म्हणून केलेली भाषा! नातीला मी लगेच आपली 'च'ची भाषा शिकवायला घेतली आणि पुढचा घाट आम्ही दोघांनी इतरांचं डोकं उठवत पार केला.

वाडीत शिरताना दाराशीच एका करड्या देवमाशाचा अख्खा सांगाडा मांडून ठेवला आहे. पुढे वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना पाईनची झाडं आणि झाडांमध्ये बिऱ्हाडं. प्रत्येक बिऱ्हाडाला नंबराचा खांब, एक टेबल, चूल पेटवायला जमिनीत बसवलेलं लोखंडी कडं आणि अन्न ठेवायला कडीचं भक्कम कपाट. एका नंबरात जास्तीत जास्त आठ माणसं, असा नियम. तो ऐकून मी आणि हिने एकमेकांकडे पाहिलं. आमच्या दहा बाय बारात आम्ही नऊ होतो, आणि दिवाळीत आत्या आली की बारा.

जावयाने तंबू उभा केला. त्याला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मला समोरच्या बिऱ्हाडाची सगळी माहिती झाली. ते प्लंबिंगच्या कामातून निवृत्त झालेले, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बायको दुसरी, कुत्रा पहिल्या बायकोच्या वेळचा. मी काहीही विचारलं नव्हतं. लेकीच्या घराशेजारी कोण राहतं हे दोन महिन्यांत मला कळलेलं नाही. तिथे संध्याकाळी गॅरेजचं दार आपोआप वर जातं, गाडी आत जाते, दार आपोआप खाली येतं. माणूस दिसत नाही. तीच माणसं पाच तास गाडी हाकून इथे येतात आणि सात पावलांवर शेजारी दिसेल अशी खुर्ची मांडून बसतात.

तंबूला भिंती नसतात हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला दार नसतं, चेन असते. रात्री कुणी बाहेर पडलं की चर्रर्र असा आवाज होतो, आणि परतल्यावर पुन्हा चर्रर्र. पहिल्या रात्री मी पडल्या पडल्या हिशेब ठेवला. पलीकडच्या आजोबांचे चार चर्रर्र झाले, माझे सहा. सकाळी रांगेत आम्ही एकमेकांना ज्या समजुतीने मान हलवली, ती जागतिक होती.

चाळ म्हटली की सेक्रेटरी आलाच. इथे त्याला कॅम्प होस्ट म्हणतात. पार्कात राहायला जागा मिळते आणि त्या बदल्यात ही मंडळी बिनपगारी काम करतात. आमचे होस्ट छोट्या गाडीतून फिरत होते, लाकडाच्या मोळ्या विकत होते आणि कुणाचा कुत्रा मोकळा आहे हे बघत होते. ही सवयीने काटक्या गोळा करायला निघाली, तेव्हा त्यांनीच तिला हात जोडून थांबवलं. पडलेलं लाकूडही उचलायचं नाही. ते तिथेच कुजून मातीत जायला हवं. घरून लाकूड आणायचं नाही, कारण लाकडातून किडे आणि झाडांचे रोग गावोगाव जातात. जिथे जाळायचं तिथलंच विकत घ्यायचं. हिला दुसरं कारण चटकन पटलं, पहिलं अजून पटलेलं नाही.

मोळी घेतली. जावयाने ती पेटवायचे तीन प्रयत्न केले. धूर झाला, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ही बराच वेळ हाताची घडी घालून बघत होती. मग म्हणाली, "सरक रे बाळा." तिने ओंडके बाहेर काढले, बारीक ढलप्या उभ्या रचल्या, मधे हवेला बोळ ठेवला आणि कागदाच्या एका बोळ्यावर जाळ धरला. समोरचे प्लंबर खुर्चीतून उठून बघायला आले. त्या जाळावर तिने तव्यात थालीपिठं लावली आणि वास सुटला, तसा आमच्या बिऱ्हाडाचा दर्जा एकदम वाढला. एक डबा समोर गेला.

डबा सकाळी परत आला. स्वच्छ घासलेला, पुसलेला आणि रिकामा. हिचा चेहरा उतरला. डबा रिकामा परत करायचा नसतो, निदान चमचाभर साखर तरी, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार? शेवटी हिनेच तोडगा काढला. रिकामा डबा आपल्याही घरात ठेवायचा नाही, म्हणून त्यात शंकरपाळे भरले आणि पुन्हा धाडला. दोन दिवसांत तो डबा कितीतरी वेळा रस्ता ओलांडून गेला. माझ्या मते त्यांना वाटत असावं, की भारतात हे असंच न संपणारं असतं.

आता रात्रीच्या प्रकाराबद्दल. माझी बाजू कुणी ऐकून घेतलेली नाही, म्हणून इथे मांडतो. अन्नाचा कण तंबूत ठेवायचा नाही, सगळं त्या कडीच्या कपाटात, असं लेकीने तीनदा बजावलं होतं. कारण रकून. आकाराने मोठ्या बोक्याएवढा, डोळ्यांभोवती चोराचा काळा पट्टा आणि पुढचे पाय थेट लहान मुलाच्या हातांसारखे. मला रात्री दोनच्या सुमारास काहीतरी तोंडात टाकायची सवय आहे. म्हणून चिक्कीच्या दोन वड्या, फक्त दोन, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून तंबूच्या तोंडाशी बुटात ठेवल्या. दीडच्या सुमारास खसफस झाली. मी बॅटरी मारली. समोर साहेब बसले होते. पळाले नाहीत. पिशवीची गाठ, लक्षात घ्या, फाडली नाही, सोडली. वडी दोन्ही हातांत धरून, फिरवून पाहिली, कोपरा मोडून खाल्ला आणि दुसरी वडी घेऊन सावकाश निघून गेले. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं म्हणतात. इथे शिंकं भक्कम होतं. मीच खाली ठेवून दिलं होतं.

सकाळी चिक्कीची रिकामी पिशवी सापडली. नात तिथल्या ज्युनियर रेंजरच्या कार्यक्रमाला जाऊन ताजी शपथ घेऊन आली होती. तिने मला समोर बसवून सांगितलं, की माणसाच्या खाण्याची चटक लागली की या प्राण्यांची भीती जाते, मग ते धीट होतात, आणि शेवटी त्रास त्यांनाच होतो. मी म्हटलं, चाळीतल्या बोक्याला आम्ही सगळे घालायचो. "मग तो कुणाचा होता?" तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. तो चार बिऱ्हाडांत चार नावांनी जेवत असे.

समुद्राबद्दल एवढंच सांगतो, की मी हाफ पँट नेली होती आणि ती बॅगेतून बाहेर आली नाही. वसंतात इथे वायव्येचा वारा सुटतो, तो वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि तळाचं गारेगार पाणी वर येतं. त्या पाण्यावर माशांची चंगळ होते. माणूस मात्र घोट्यापर्यंत जाऊन किंचाळत परत येतो. शिवाय पाटी लावलेली, समुद्राकडे कधी पाठ करू नका. अचानक एखादी मोठी लाट येऊन ओढून नेते. चौपाटीवर समुद्राकडे पाठ करून, भेळवाल्याच्या हातावर डोळा ठेवून ज्याचं बालपण गेलं, त्याने काय करावं? मी पाटीला मान देऊन तिरका उभा राहिलो.

लगुना पॉइंट नावाच्या टोकापर्यंत लाकडी फळ्यांची वाट केली आहे. खाली खडकांवर सील पसरलेले होते, पोत्यांसारखे. पिल्लू एकटं दिसलं तर जवळ जायचं नाही, ते टाकलेलं नसतं. आई मासे मारायला गेलेली असते. "कामावर गेलीय," ही म्हणाली आणि कठड्याशी अशी उभी राहिली, की जणू तिलाच लक्ष ठेवायला सांगून गेली होती. आम्ही बोलावलं तरी अर्धा तास हलली नाही.

तिथूनच नातीने बोट दाखवलं. लांब पाण्यावर वाफेचा फवारा उडाला. जरा थांबून त्याला लागूनच एक छोटा. करड्या देवमाशाची मादी आणि तिचं पिल्लू. या माद्या हिवाळ्यात उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातून खाली मेक्सिकोच्या उबदार खाड्यांत जाऊन बाळंत होतात आणि मग पिल्लाला अंगाशी घेऊन याच किनाऱ्याने परत निघतात. जाऊन-येऊन सोळा ते वीस हजार किलोमीटर, आणि वाटेत जवळजवळ उपाशी. "बाळंतीण, आणि उपाशी?" हिला ते अजिबात आवडलं नाही. आठ वर्षांपूर्वी याच नातीच्या वेळी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू घेऊन ही साडेतेरा हजार किलोमीटर आली होती. बराच वेळ फवाऱ्याकडे बघून म्हणाली, "तिला जावं तरी लागतं माहेरी. आमच्यात माहेरच बॅगा भरून येतं." लेक काही बोलली नाही, फक्त आईच्या गळ्याभोवती मफलर नीट केला.

दुसऱ्या दिवशी ग्लास बीचला गेलो. फोर्ट ब्रॅगचे लोक १९६७ पर्यंत गावातला कचरा समुद्राच्या कड्यावरून खाली लोटायचे. लाटांनी बाटल्यांच्या काचा घासून घासून त्यांचे गुळगुळीत खडे केले. आता तेच बघायला लोक येतात. हा तुकडाही आता मॅकेरीकरांच्याच वाडीत मोडतो. हिने एक हिरवा खडा उचलला, तेव्हा लेकीने तो परत ठेवायला लावला, कारण न्यायला मनाई आहे. कचरा टाकायला बंदी ठाऊक होती. उचलायला बंदी पहिल्यांदाच पाहिली.

बारा वाजता जागा सोडायची होती. आम्ही तंबूच्या घड्या घालत असतानाच पुढची मंडळी गाडी रस्त्याच्या कडेला लावून, खाली न उतरता, आमच्याकडे बघत होती. हिने कडं झाडून घेतलं, टेबल पुसलं आणि उरलेली अर्धी मोळी त्यांच्यासाठी नीट रचून ठेवली. शेवटच्या फेरीला डबा आमच्याकडे होता. त्यात या वेळी मूठभर शेंगदाणे होते, खारवलेले. हिने गाडीत बसल्यावर तो तीनदा उघडून पाहिला.

घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. लेकीच्या घरात अडीच बाथरूम आहेत. अर्धं म्हणजे काय हे मला अजून कळलेलं नाही. सकाळी सव्वासहाला जावई ऑफिसला जायच्या गडबडीत खोलीबाहेर आला, तर मी बंद दारासमोर उभा. खांद्यावर पंचा, हातात ब्रश.

"बाबा, आत कुणी नाहीये," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं.

तो घटकाभर माझ्याकडे बघत राहिला. मग आत जाऊन स्वतःचा ब्रश घेऊन आला आणि माझ्यामागे उभा राहिला.