रस्ता चुकावा तो जेवणाच्या वेळेला
(मलेशियाच्या खेड्यांतून भाड्याच्या गाडीने आणि दुसऱ्याच्या जिवावर हिंडू इच्छिणाऱ्यांसाठी सूचना)

क्वालालंपूरहून उत्तर-दक्षिण द्रुतगती मार्गाला लागायचं, टोलनाक्यावर ‘टच अँड गो’चं कार्ड टेकवायचं आणि ताशी ११० किलोमीटरने पिनांगची दिशा धरायची, यालाच जे मलेशियातला गाडीप्रवास समजतात, त्यांनी पुढचं वाचण्याची तसदी घेऊ नये. त्या रस्त्यावर कुणी कुणाला घरी बोलावत नाही. ठरावीक अंतरावर विश्रांतिस्थळं आहेत. तिथे स्वच्छतागृह आहे, नमाजाची खोली आहे, जेवणाचे नि फळांचे गाळे आहेत. माणसाला लाचार व्हायला जागाच ठेवलेली नाही. ज्याला परोपजीवी प्रवास शास्त्रशुद्ध पद्धतीने शिकायचा आहे, त्याने पहिल्याच दिवशी हा रस्ता सोडावा.

पर्याय तीन. मधल्या डोंगराळ भागातून क्वाला लिपिस, गुआ मुसांग करत वर केलांतनला जाणारा आठ नंबरचा रस्ता. पूर्व किनाऱ्याला धरून जाणारा तीन नंबरचा. आणि गेरिकपासून जेलीपर्यंतचा पूर्व-पश्चिम महामार्ग. हा शेवटचा १९८२ साली खुला झाला. बांधकाम चालू असताना कम्युनिस्ट बंडखोरांची दहशत होती, आता हत्तींची आहे. तशा पाट्याही आहेत. शंभराहून जास्त किलोमीटर जंगल आहे, तेव्हा टाकी गेरिकलाच भरून घ्यावी. या देशात पाहुण्याला ‘जेवलात का’ असं न विचारणारा स्थानिक रहिवासी बहुधा हत्ती हा एकच.

कागदपत्रांत फार वेळ घालवू नये. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना काढून घ्यावा. स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे आणि गाडी डावीकडून, त्यामुळे तिथे गेल्यावर शिकण्यासारखं एवढंच उरतं की झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्या शोभेसाठी नसतात.

गाडी कोणती घ्यावी याबद्दल मात्र मोठे गैरसमज आहेत. आपल्याकडच्या काही हौशी मंडळींना छपरावर तंबू, मागे शेगडी, कडेला पाण्याचे कॅन आणि दारावर प्रायोजकांचे स्टिकर असलेली चार-चाकी-ताकदीची गाडी लागते. ही मंडळी परत येऊन सांगतात की तिथली माणसं जरा अलिप्त वाटली. वाटणारच. ज्याच्या छपरावर शयनगृह आणि डिकीत स्वयंपाकघर आहे, त्याला ‘या, दोन घास खा’ म्हणायला कोण धजेल? पेरोडुआची मायवी घ्यावी. मलेशियात मायवी शिक्षिकेकडे असते, मासेवाल्याकडे असते आणि पुढच्या गाडीच्या काचेला नाक लावून हेडलाइट मारणाऱ्या तरुणाकडे तर असतेच. तुमच्यात आणि गावकऱ्यांत गाडीमुळे कुठलंच अंतर राहत नाही. उरलेलं अंतर तुमच्या चेहऱ्यावरची भूक कापते.

हंगाम सांभाळावा. नोव्हेंबरपासून पूर्व किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस येतो आणि जानेवारीपर्यंत त्याचा काही नेम नसतो. २०१४च्या डिसेंबरात त्याने देशभरात दोन लाखांवर माणसं घराबाहेर काढली आणि सर्वांत मोठा फटका केलांतनला बसला. अशा वेळी यजमान स्वतःच शाळेतल्या मदतछावणीत मुक्कामाला असतो. त्याच्या सतरंजीवर जागा मागणं या शास्त्रातही बसत नाही. रमझानमध्ये जायला हरकत नाही, फक्त दिवसा लोकांसमोर काही चघळू नये. सूर्यास्ताच्या तासभर आधी मशिदीच्या आसपास रस्ता चुकला की पुढचं आपोआप होतं.

आता मुख्य विषय, रस्ता चुकणं. मोबाइलवरचा नकाशा उघडा दिसला की सहानुभूती मिळत नाही, म्हणून तो खिशात घालावा. गाडी चहाच्या टपरीशी थांबवावी, उतरावं, वयस्कर माणसाला ‘पाक चिक’ आणि बाईंना ‘माक चिक’ म्हणावं (आपल्या काका-काकूंचाच हा कारभार) आणि पत्ता विचारावा. पाक चिक बोट दाखवणार नाहीत. तर्जनी रोखणं असभ्य, म्हणून मूठ मिटून अंगठ्याने दिशा दाखवतात. ‘देकात साजा’, जवळच आहे, असं सांगतात. हे ‘जवळच’ आपल्या कोकणातल्या ‘ह्यो काय हयसरच’च्या जातीचं आहे, त्यात दोन टेकड्या नि एक नदी सहज मावते. तुम्ही गोंधळल्यासारखे दिसलात की ते स्कूटर काढतात आणि पुढे होतात. मागोमाग जावं. स्कूटर तुमच्या मुक्कामी जाईलच असं नाही. वाटेत त्यांचं घर लागतं.

रस्त्याच्या कडेला ‘होमस्टे’ अशी पाटी दिसली तर मात्र हुरळून जाऊ नये. सरकारी होमस्टे योजनेत खरोखरच कुटुंबासोबत राहता येतं, तिथे पाहुण्याला मानलेला मुलगा करून घेतात आणि पहाटे रबराचा चीक काढायलाही नेतात. पण बहुतेक पाट्यांमागे असतं ते नुसतं भाड्याचं रिकामं घर: तीन खोल्या, वातानुकूलन, कधी कराओके, आणि किल्ली कुंडीखाली. यजमान व्हॉट्सअॅपवर. तिथे ‘जेवलात का’ विचारायला पालसुद्धा नसते असं नाही, पण ती आग्रह करत नाही.

जुनं घर लाकडी खांबांवर उभं असतं. खाली कोंबड्या, सायकली आणि कुणाची तरी कधीच चालू न झालेली मोटरसायकल. पायऱ्यांशी चपला काढाव्यात. वर ओसरीत गेल्यावर यजमानाचे हात दोन्ही हातांत हलकेच घेऊन मग आपला उजवा हात छातीशी न्यावा. घरातल्या बाईंपुढे हात करू नये, छातीशी हात नेऊन मान लववावी. पुरुषांनी मांडी घालून बसावं. ज्यांना पंगतीत बसायची सवय मोडून वीस वर्षं झाली, त्यांची इथे सत्त्वपरीक्षा आहे, कारण मुंग्या आल्या म्हणून पाय लांब करून तळवे कुणाकडे रोखले की झालेली सगळी कमाई जाते.

मग चहा. दुधाचा की बिनदुधाचा हे तुमच्या हातात, साखर तुमच्या हातात नाही. सोबत नारळ, गूळ आणि तांदळाच्या पिठाचे चार रंगांचे प्रकार येतात. मराठी माणूस इथे पिढीजात चूक करतो. ‘नको नको, आत्ताच झालं’ असं म्हणतो, या खात्रीने की समोरचा तीनदा आग्रह करणारच. माक चिक आग्रह करतातच, त्यांनाही हा खेळ येतो, पण त्या तुमच्या ‘नको’चा अर्थ ‘हे नको’ असा लावतात आणि आतून दुसरं काही घेऊन येतात. चार वेळा नको म्हणणाऱ्यापुढे चार बश्या साचतात.

समुद्रापलीकडे सारावाकमध्ये तर नाही म्हणण्याची सोयच नाही. समोर आलेलं अन्न न शिवता जो निघतो, त्याला वाटेत साप चावतो, मगर धरते किंवा गाडीला अपघात होतो, अशी इबान लोकांची जुनी समजूत आहे. तोडगा सोपा: घाई असेल तर ताटातल्या अन्नाला नुसतं बोट लावायचं, ते ओठांना टेकवायचं आणि निघायचं. वाहनचालकाने हा नियम विम्याच्या कागदांबरोबर ठेवावा. त्यांच्या लांबघरात, म्हणजे एका छपराखालच्या वीस-तीस बिऱ्हाडांच्या चाळीत, भेटवस्तू न्यायची तर दारं मोजून न्यावी, कारण ती सगळ्यांत सारखी वाटली जाते. तांदळाची दारू पुढे येईल. तीही सगळ्या दारांतून येते, तेव्हा त्या दिवशी गाडी चालवण्याचा विषय संपला असं समजावं.

शाकाहारी वाचकांसाठी वेगळी सूचना. तुम्ही मांस खात नाही हे कळल्यावर यजमान मनापासून हळहळतात आणि कोंबडी आणतात. कोंबडीही नको म्हटल्यावर मासा. मासाही नको म्हटल्यावर फक्त भाजी, आणि त्या भाजीत कोळंबीचं बेलाचान आणि वाळवलेल्या बारीक मासोळ्या, कारण त्याशिवाय भाजीला चव कशी येणार? केलांतनमध्ये गोकर्णीच्या फुलांनी निळा केलेला भात मिळतो, नासी केराबू. ताटात निळा भात, त्यावर चिरलेला कच्चा पाला, भाजलेलं खोबरं. हे आपलंच असं वाटून हात घालावा तोच वरून बुडू ओतला जातो. बुडू म्हणजे मीठ घालून महिनोन् महिने मुरवलेल्या मासोळ्यांचं काळपट पाणी. सुकट खाऊन वाढलेल्या कोकणी माणसाला इथे स्वर्ग भेटतो. बाकीच्यांनी पोटाच्या तक्रारीचं कारण सांगावं, तत्त्वाचं सांगू नये. आजारी पाहुण्याला पेज मिळते, तत्त्वनिष्ठाला सल्ले.

जेवण झाल्यावर तुम्ही भारतातले आहात हे उघड होतं आणि बिल चुकतं करायची वेळ येते. बिल म्हणजे शाहरूख खान. मलाक्का राज्याने त्याला २००८ साली ‘दातुक’ ही पदवी दिलेली आहे, खेड्यांतल्या चाळिशीपुढच्या बायकांनी त्याआधीच दिली होती. ‘कुछ कुछ होता है’चं शीर्षकगीत पाठ नसेल तर निघण्यापूर्वी पाठ करावं. मी नाट्यसंगीत ऐकतो, हे उत्तर इथे चालत नाही.

या शास्त्रातला सर्वोच्च योग म्हणजे केंदुरी, लग्नाचं गावजेवण. शाळांच्या सुट्ट्यांत आणि आठवड्याच्या सुट्टीला हे योग दाट असतात. केलांतन-तेरेंगानूत ती सुट्टी शुक्रवार-शनिवार असते हे लक्षात ठेवून आखणी करावी. रस्त्याकडेला वरवधूंची नावं लिहिलेली पाटी आणि बाण दिसतो. पुढे दोन्ही बाजूंना मायव्या लागलेल्या, मधून एकच गाडी जाईल एवढी वाट, आणि छातीवर बिल्ला लावलेला एक पोरगा तुम्हाला शेतात पार्किंग दाखवतोय. आपण नुसते पुढे चाललो होतो, हे त्याला समजावू नये. शामियान्यामागे पुरुष हातभर लांबीची उलथनी घेऊन मोठ्या कढयांतलं बीफचं कालवण ढवळत असतात. आदल्या रात्रीपासून अख्खं गाव चिरायला, सोलायला बसलेलं असतं. वरपक्षाचे की वधूपक्षाचे, असं कुणी विचारत नाही. आपल्याकडे अनोळखी माणूस पंगतीत बसला की निदान मामा तरी चौकशीला येतो. इथे तोच मामा पाण्याचा तांब्या घेऊन येतो आणि तुमचे हात धुववतो.

निघताना मात्र एक गोष्ट आहे. वधूपिता दाराशी उभा असतो, लोक हात मिळवतात, आणि त्या हातातून घडी केलेली नोट त्याच्या हातात जाते. आकडा कुणाला दिसत नाही. फुकट जेवायच्या हेतूने आलेल्या माणसाचा हात इथे आपोआप खिशाकडे जातो. का जातो, ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. आमच्या पद्धतीतली ही एकच गळती आहे.

घरच्या यजमानाला पैसे देऊ करू नयेत. फार तर धाकट्या मुलाच्या हाती खाऊला म्हणून द्यावेत, तेही आजी बघत नसताना. डिकीत केळ्यांचा घड, सुरणासारखं काहीतरी आणि माशाच्या केरोपोकची (पापडांची) पिशवी आधीच जाऊन बसलेली असते. गाडी मागे घेताना सहा जण ‘गोस्तान, गोस्तान’ (मागे, मागे) ओरडतात, चौघे डावीकडे सांगतात, दोघे उजवीकडे. आजोबांचं ऐकावं.

तोवर कुणीतरी तुमच्या घरचा पत्ता मागतं. खरा द्यावा. मलेशियाची मंडळी काश्मीर, आग्रा करायला भारतात येतात, आणि एकटी येत नाहीत. अकरा जण येतील. म्हणून आपल्या सोसायटीच्या वॉचमनशी आधीच बोलून ठेवावं. पाहुण्यांच्या गाडीला आत जागा नाही हे समजावता येईल, पण फाटकावरच्या वहीत ‘येण्याचं कारण’ असा एक रकाना असतो, आणि त्यात ‘सहज’ लिहिलं तर तो वर सोडत नाही.